रात्र झाल्याचा निरोप: मेलाटोनिन कधी, किती आणि कोणासाठी

"भाऊ, ती झोपेची गोयी दे बरं. अमेरिकेत नेतात ती."

एप्रिल संपत आला होता. दुपारचे साडेतीन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि अशा उन्हात आक्का मेडिकलच्या पायरीवर उभ्या. हातातल्या कागदावर लेकीने फोनवर सांगितलेलं नाव नातवाच्या अक्षरात होतं: मेलाटोनिन, १० मिलिग्रॅम. धाकट्या लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीला. आक्का पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या, मुक्काम ऑक्टोबरपर्यंत. रक्तदाबाची मेटोप्रोलोल आणि साखरेची मेटफॉर्मिन त्या दर महिन्याला माझ्याकडूनच नेतात. मी त्यांना आत पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं. १० मिलिग्रॅमची पट्टी मात्र काढली नाही.

भुसावळात बावीस वर्षं मी हे दुकान चालवतोय, आणि या गावात झोपेची तक्रार घेऊन येणारं माणूस रोजचं आहे. रेल्वेचा रनिंग स्टाफ, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड, ज्यांना ड्युटीचा कॉल कधी पहाटे तीनला येतो तर कधी दुपारी एकला. दीपनगरच्या वीज केंद्रातले पाळीवाले. रावेर-यावलकडचे केळीवाले, ज्यांच्या मोटारीला आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच लाइट असते आणि जे बॅटरी घेऊन पाणी भरायला जातात. त्यात आता ज्यांची मुलं परदेशात आहेत असे आईवडील. "रातभर डोयाले डोया लागना नही," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. अलीकडे त्याच्या मागोमाग मेलाटोनिनचं नाव येतं, आणि ते सगळेच 'झोपेची गोळी' म्हणून मागतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

खऱ्या अर्थाने झोपेच्या गोळ्या म्हणजे अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे. २०१४ पासून त्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, विकल्यावर वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. त्या गोळ्या मेंदूला सरळ गुंगी आणतात. मेलाटोनिनचं काम तसं नाही. ते आपल्याच शरीरात रोज संध्याकाळी तयार होणारं संप्रेरक आहे. शरीराला ते एवढाच निरोप देतं की बाहेर अंधार पडला, आता रात्रीची कामं सुरू करा.

आमच्या जंक्शनच्या गावाला कळेल असं सांगतो. मेलाटोनिन म्हणजे सिग्नल. सिग्नल हिरवा झाला की गाडीला रस्ता मोकळा होतो, पण गाडी ओढायची ती इंजिनानेच. झोपेचं इंजिन वेगळं आहे. आपण जितका वेळ जागे राहतो तितका मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि झोपेचा दाब वाढत जातो. दुपारी दोन तास पंख्याखाली झोपलात तर हा दाब उतरतो. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून दाब असूनही तो जाणवत नाही. ज्याने दुपारी झोप काढली आणि रात्री आठला कडक चहा घेतला, त्याला मेलाटोनिन देऊन काय होणार? सिग्नल हिरवा, पण इंजिनच शेडमध्ये.

हे संप्रेरक सापडलं तेही झोपेच्या शोधात नव्हे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर कोडावर उपाय शोधत होते. गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीच्या अर्काने बेडकाची कातडी फिकी पडते हे आधीपासून माहीत होतं. त्या अर्कातला नेमका पदार्थ त्यांनी १९५८ मध्ये वेगळा काढला. कोडावर त्याचा उपयोग झाला नाही, पण रात्रीचा निरोप्या हाती लागला.

आपल्या मेंदूच्या मध्यभागी ही पिनिअल ग्रंथी असते, साधारण तुरीच्या दाण्याएवढी. तिला हुकूम येतो तो दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर असलेल्या पेशींच्या पुंजक्यातून. जेमतेम २०,००० पेशी, पण शरीराचं मुख्य घड्याळ तेच. पेशींतलं हे घड्याळ कसं चालतं, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे घड्याळ बरोबर २४ तासांचं नसतं. बहुतेकांचं थोडं मागे पडतं, सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास. म्हणजे ते रोज लावून घ्यावं लागतं, आणि ते लावतो उजेड.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचा बघण्याशी फारसा संबंध नाही. त्या फक्त 'उजेड किती आहे' हे मोजतात आणि निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. त्यांनी उजेड कळवला की पिनिअल ग्रंथीचं काम थांबतं. अंधार पडायला लागला की नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन वाढू लागतं, मध्यरात्रीनंतर शिगेला पोचतं आणि पहाटे उतरतं. घरातल्या साध्या ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा संध्याकाळी त्याला दाबून ठेवतो. एका प्रयोगात झोपण्यापूर्वीचे तास नेहमीच्या खोलीतल्या उजेडात घालवलेल्या लोकांमध्ये मेलाटोनिनचा काळ मंद उजेडाच्या तुलनेत सुमारे दीड तासाने आखडला होता. मोबाइल तर आपण डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरतो.

मला आमच्या उन्हाळ्यातल्या गच्च्या आठवतात. दिवसभर तापलेल्या धाब्यावर संध्याकाळी पाणी मारायचं, वाफ निघून गेली की गोधड्या टाकायच्या, दिवा नाही, वर चांदण्या. नऊ-साडेनऊला सगळी गल्ली झोपलेली असायची. थंडावा आणि अंधार या झोपेला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. झोप लागताना शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि मेलाटोनिन त्यालाही हातभार लावतं. आता खोलीत कूलर आहे, पण डोक्यावर पांढराशुभ्र एलईडी आहे आणि हातात फोन आहे.

मग रोजच्या निद्रानाशाला गोळीचा फायदा किती? अनेक चाचण्या एकत्र करून २०१३ मध्ये काढलेला हिशोब असा: झोप लागायला सरासरी ७ मिनिटं कमी, आणि एकूण झोप ८ मिनिटं जास्त. एवढंच. अमेरिकेतल्या झोपवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात प्रौढांच्या जुन्या निद्रानाशासाठी मेलाटोनिन वापरू नये असंच सुचवलंय. काउंटरवर मी हे स्पष्ट सांगतो. काही जण निराश होतात, पण ७ मिनिटांसाठी महिन्याला पैसे घालवायचे का, हे माणसाने माहिती असताना ठरवलेलं बरं.

जिथे तक्रार झोपेची नसून वेळेची असते, तिथे मात्र मेलाटोनिन खरंच कामाला येतं. आक्कांचा प्रश्न तसलाच होता.

भुसावळ आणि न्यू जर्सी यांच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहाचा. आक्का तिथे उतरतील तेव्हा भिंतीवरचं घड्याळ तिथलं असेल, पण डोक्यातलं घड्याळ भुसावळचंच. तिथल्या दुपारी दोनला आतलं घड्याळ रात्रीचे साडेअकरा दाखवेल. डोळे मिटतील, पाय जड होतील, जेवण नको वाटेल. आणि तिथल्या रात्री दहाला आतल्या घड्याळात सकाळचे साडेसात वाजलेले, म्हणजे चहा मागण्याची वेळ. जेट लॅग म्हणतात तो हाच. प्रवासाचा शीण दोन रात्री झोपल्यावर उतरतो, पण आतलं घड्याळ रोज थोडं थोडंच सरकतं: पश्चिमेकडे गेल्यावर दिवसाला साधारण दीड तास, पूर्वेकडे एक तास. आपलं घड्याळ मुळातच मागे पडणारं आहे ना, म्हणून त्याला आणखी मागे ढकलणं सोपं जातं, पुढे ओढणं जड. म्हणूनच अमेरिकेला जाताना जितका त्रास होतो त्याहून जास्त परत आल्यावर होतो. हे ऐकून आक्का म्हणाल्या, "म्हणजे घरी येऊनच जास्त आजारी पडाचं?" मी म्हटलं, आजारी नाही आक्का, फक्त उलटसुलट.

औषधाच्या पाकिटाच्या मागे मी त्यांना एक आडवी रेघ काढून दाखवली. शरीराच्या रात्रीत एक तळ असतो, तेव्हा अंगाचं तापमान सर्वांत कमी असतं. नेहमीच्या उठण्याच्या दोनेक तास आधी. आक्का सहाला उठतात, म्हणजे त्यांचा तळ पहाटे चारचा. तळाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर उजेड पडला तर आतलं घड्याळ मागे सरकतं, झोप उशिरावर जाते. तळाच्या नंतर पडला तर ते पुढे येतं, झोप लवकरवर येते. मेलाटोनिन याच्या बरोबर उलट वागतं: दुपार उलटून गेल्यापासून झोपेच्या आधीपर्यंत घेतलं तर घड्याळ पुढे ओढतं, सकाळी घेतलं तर मागे ढकलतं. या सगळ्या वेळा आतल्या घड्याळाच्या, भिंतीवरच्या नव्हेत. हे एकदा कळलं की बाकी सगळा बेरीज-वजाबाकीचा खेळ आहे.

आक्कांना जाताना घड्याळ मागे सरकवायचं होतं. त्यांचा पहाटे चारचा तळ न्यू जर्सीत संध्याकाळी साडेसहाला येणार. म्हणून सांगितलं की दुपारी कितीही डोळे मिटले तरी पलंगावर पडू नका. लेकीच्या घराच्या मागच्या अंगणात नाहीतर गल्लीत फिरा, उजेडात राहा. अगदीच सहन झालं नाही तर अर्धा तास, गजर लावून. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो. मग संध्याकाळी सात वाजले की पडदे ओढा, मंद दिवा लावा. आणि रात्री दहाला, झोपायच्या वेळी, मेलाटोनिन. तेव्हा आतल्या घड्याळात सकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे ते घड्याळ मागेच ढकलणार, आपल्याला हवं तिकडे. एक चूक हमखास होते. दुपारी झोप अनावर झाली म्हणून लोक तेव्हाच गोळी घेऊन पडतात. मग शरीराला निरोप मिळतो की भुसावळची रात्रच खरी, आणि घड्याळ आहे तिथेच राहतं.

कॉक्रेन ही उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २००२ च्या आढाव्यात दहा चाचण्या तपासल्या होत्या. पाच किंवा अधिक कालविभाग ओलांडणाऱ्या प्रवाशांनी मुक्कामाच्या ठिकाणच्या झोपेच्या वेळी मेलाटोनिन घेतलं तर जेट लॅग कमी होतो, असं त्यांतल्या बहुतेक चाचण्यांत दिसलं. मात्रेचं उत्तरही त्यातच आहे. अर्ध्या मिलिग्रॅमपासून ५ मिलिग्रॅमपर्यंत जेट लॅगवर परिणाम जवळपास सारखाच, ५ मिलिग्रॅमला झोप जरा लवकर लागते, आणि त्यापुढे वाढवून काही फायदा नाही. शरीराची स्वतःची रात्रीची पातळी गाठायला ०.३ मिलिग्रॅमही पुरतं. आक्कांच्या कागदावर १० मिलिग्रॅम होतं, म्हणजे तीसपटीहून जास्त. मात्रा मोठी झाली की निरोप मोठा होत नाही, तो फक्त लांबतो. सकाळपर्यंत रक्तात राहतो, डोकं जड होतं, कधी चक्कर, कधी मळमळ, कधी स्वप्नांचा सुळसुळाट. साठीच्या पुढे तर शरीर ते हळू बाहेर टाकतं.

दुबईला जाणाऱ्या पोरांना याची गरज नाही, दीड तासाचा तर फरक. सिंगापूर अडीच तासांवर आहे, तिथेही नाही. लंडनला उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच, तिथे माणूस बघून. एक गंमत सांगतो, आपल्या घरीही भिंतीवरचं घड्याळ आणि सूर्य यांचं जुळत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर मोजतात आणि भुसावळ त्याच्या जवळपास सात अंश पश्चिमेला आहे. म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. नंदुरबारला आणखी पाचसहा मिनिटं उशिरा. शरीर मात्र सूर्याचंच ऐकतं.

पाळीवाल्यांचं काय? मला त्यांची काळजी जास्त वाटते. आक्कांचं घड्याळ आठवड्याभरात जुळतं, पण ज्याची ड्युटी रोज बदलते त्याने ते जुळवायचं कशाशी? रात्रपाळी करून आल्यावर मेलाटोनिन घेतलं तर दिवसाची झोप सरासरी २४ मिनिटांनी वाढते असं एका आढाव्यात निघालं, पण पुरावा कच्चा होता. एका लोको पायलटाला मी सांगितलं की घरी जाताना काळा चष्मा लाव, खोलीच्या खिडकीला जाड घोंगडी टांग, फोन बंद कर, आणि गोळीचा विचार रेल्वेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळी घेतल्यावर चार-पाच तासांत कॉल येण्याची शक्यता असेल तर अजिबात नको. मागे हजारो माणसं झोपलेली असतात. ट्रकवाल्यांना आणि केळीच्या गाड्या रातोरात दिल्लीकडे नेणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं.

केळीचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. जळगावच्या मातीत राहून केळीविरुद्ध बोलायची माझी इच्छा नाही. "केळात सेरोटोनिन असतं, त्याचं मेलाटोनिन होतं, म्हणून रात्री केळं खा" असं जे सांगतात त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. केळं चांगलं आहे, पोटाला आधार आहे, झोपेसाठी त्याच्याकडे आशेने बघू नका. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं खरं, पण ते गोळीच्या तुलनेत नगण्य. तरीही दूध पिऊन, दिवा मालवून लहान मूल शांत होतं, ते त्या रोजच्या सवयीने.

दुसरी काळजी शुद्धतेची. अमेरिकेत हे औषध म्हणून नाही, पूरक आहार म्हणून विकलं जातं. त्यामुळे तिथून कोणी डबीभर आणलं तर लेबलावरचा आकडा खरा असेलच असं नाही. कॅनडात विकल्या जाणाऱ्या ३१ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये छापून आली. काहींत लेबलावर लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर एकात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं, आणि आठांत सेरोटोनिन सापडलं, जे त्यात असायलाच नको. फळांच्या चवीच्या गमीज तर लहान मुलांना चॉकलेटच वाटतात. २०१२ ते २०२१ या काळात अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या मुलांच्या मेलाटोनिनच्या तक्रारी ५३० टक्क्यांनी वाढल्या. परदेशातून आलेली डबी घरात असेल तर ती वरच्या कपाटात, कुलपात ठेवा. आणि मूल झोपत नाही म्हणून स्वतःच्या मनाने एक तुकडाही देऊ नका. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांत किंवा झोपेचं चक्र फारच उशिरावर गेलेल्या पोरांत डॉक्टर ते देतात, पण मोजून आणि लक्ष ठेवून.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे घेऊ नये, म्हणून आक्कांना बजावलं की लेकीने मागितली तरी तुमच्या पट्टीतली गोळी तिला देऊ नका. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन, फिटांची औषधं, प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नैराश्यासारख्या मनाच्या आजारांवरची फ्लुवॉक्सामिन चालू असेल तर नकोच, त्याने रक्तातली मेलाटोनिनची पातळी कित्येक पटींनी चढते. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांनीही विचारूनच. आणि जो माणूस जोरात घोरतो, मधेच श्वास अडकून दचकतो, दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याला मेलाटोनिनची नाही, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची गरज आहे.

आक्कांच्या बाबतीत आणखी एक धागा होता. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोलसारख्या औषधांनी शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन कमी होतं. गेल्या दोन वर्षांपासूनची त्यांची मोडकी झोप त्यामुळेही असू शकते. म्हणून मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, साधी ३ मिलिग्रॅमची गोळी, अर्धी, पहिल्या पाच रात्री, आणि साखर रोज बघायची. साधी हा शब्द महत्त्वाचा. हळूहळू विरघळणारी एसआर गोळी मोडायची नसते, मोडली की सगळं औषध एकदम सुटतं. पट्टीवर मी पेनाने '½, रात्री १०, तिथल्या' असं लिहून दिलं. 'तिथल्या' खाली दोन रेघा मारल्या.

ऑक्टोबरात निघायच्या चार दिवस आधी न्यू जर्सीहून फोन आला. मागे बाळ रडत होतं. "भाऊ, येतानाचं सांग आता." येताना हिशोब उलटतो. तेव्हा त्यांचा तळ तिथला पहाटे चारचा, म्हणजे भुसावळात दुपारी दीडचा. पहाटे उठून अंगणात उन्हात बसायची त्यांची सवय मला माहीत आहे, आणि पहिले तीन दिवस नेमकं तेच करायचं नव्हतं. ते ऊन तळाच्या आधी पडतं, घड्याळ आणखी मागे ढकलतं. सकाळी आत बसा, पडदा ओढून पोथी वाचा, बाहेर निघावंच लागलं तर गॉगल घाला. दीड-दोन वाजले की ओसरीवर या आणि दिवस मावळेपर्यंत उजेडात राहा. रोज ती वेळ तासभर अलीकडे आणा. रात्री साडेनऊ-दहाला अर्धी गोळी, पाच रात्री, मग बंद.

"दुपारी दोनला ओसरीवर," त्यांनी माझ्यामागून म्हटलं, आणि लेकीला हाक मारून लिहून घ्यायला सांगितलं.